न मोडलेल्या मशीनचा सत्कार

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात बक्षीस समारंभ झाला. समारंभ म्हणजे काय, तर कॉन्फरन्स रूममध्ये गार झालेला पिझ्झा, गरम झालेलं कोल्ड ड्रिंक आणि एचआरच्या मॅडमच्या हातात लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. तिमाहीचा सर्वोत्तम कर्मचारी कोण? सर्व्हर कोसळला त्या रात्री जो पठ्ठ्या घरी गेला नाही, टेबलावर डोकं टेकून दोन तास झोपला आणि पहाटे पाचला सगळं पुन्हा उभं केलं, तो. टाळ्या! मीही वाजवल्या. अगदी मनापासून.

माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनेही वाजवल्या. आता गंमत ऐका. हिने तीन आठवडे आधी मेल टाकला होता, की बाबांनो, त्या सर्व्हरची डिस्क भरत आलीय, काहीतरी करा. उत्तर आलं, 'नोटेड'. बास. हिच्या स्वतःच्या ताब्यातले चार सर्व्हर वर्षभरात एकदाही पडले नाहीत. त्यामुळे अप्रेझलच्या वेळी तिला विचारण्यात आलं, की तू वर्षभर नक्की केलंस काय?

हा किस्सा मी परवा वैशालीत एसपीडीपी खाताना माझ्या बॅचमेटला सांगितला. आम्ही दोघं मेकॅनिकलचे. मी डिग्री घेऊन आयटीत पळालो, ती मशीनपाशीच राहिली. हॉस्टेलपासून तिचं टोपणनाव 'डॉक्टर', कारण मेसच्या मिक्सरचा आवाज ऐकून ती सांगायची, की हा दिवाळी बघत नाही. (नाही बघितली त्याने.) आज ती तेच काम पगार घेऊन करते. साखर कारखाने, पेपर मिल, पंपहाउस असं फिरत असते. बॅगेत लॅपटॉप, चार सेन्सर आणि कानाला लावायचे हेडफोन. कामाचं नाव कंडिशन मॉनिटरिंग.

माझा किस्सा ऐकून ती हसली आणि म्हणाली, "आमच्या फील्डमध्ये तुझ्या त्या शेजारणीला प्राइझ मिळालं असतं."

"मशीन मोडलं नाही म्हणून प्राइझ?"

"मशीन मोडणार हे आधी कसं ओळखायचं, ते शोधून काढल्याबद्दल. आणि हसू नकोस, मी एका प्राइझचा फॉर्म भरतेय. सात नंबरच्या रकान्यावर अडकलेय."

त्या रकान्याकडे नंतर येतो. आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो, कारण मलाही चार वर्षांच्या इंजिनिअरिंगनंतर तो अर्धवटच माहीत होता.

कुठल्याही जुन्या वर्कशॉपमध्ये एक फिटरकाका असतात. चालत्या मोटरपाशी जाऊन ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगला टेकवतात, मूठ कानामागच्या हाडाला लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "वाजतंय." झालं कंडिशन मॉनिटरिंग! मशीन न उघडता, न थांबवता, चालू असतानाच त्याची नाडी बघायची. आता स्क्रूड्रायव्हरच्या जागी लोहचुंबकाने चिकटणारा सेन्सर आलाय, तो थरथर मोजतो. कुणी तेलाचा नमुना घेऊन त्यातले धातूचे कण तपासतं, कुणी इन्फ्रारेड कॅमेऱ्याने गरम जागा शोधतं. पण प्रश्न काकांचाच. वाजतंय का? वाजतंय तर कुठे? आणि किती दिवस आहेत हातात?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. संशोधक मंडळी त्याच्याच मागे लागलेली असतात आणि त्यांच्यासाठी पुरस्कारही आहेत. इंग्लंडात नॉर्थहॅम्प्टन इथे ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग नावाची संस्था आहे. वस्तू न फोडता तिच्या पोटातले दोष शोधणाऱ्यांची ही संघटना. तिच्या पुरस्कारांच्या मांदियाळीत रॉय शार्प यांच्या नावाचं बक्षीस चाचणीतल्या संशोधनासाठी, जॉन ग्रिमवेड यांच्या नावाचं पदक संस्थेच्या 'इनसाइट' या जर्नलमधल्या उत्तम लेखासाठी. आणि खास कंडिशन मॉनिटरिंगमधल्या संशोधनासाठी 'कोमाडिट प्राइझ'. नाव ऐकून खोकल्याचं औषध वाटतं, पण कंडिशन मॉनिटरिंग आणि डायग्नॉस्टिक टेक्नॉलॉजी यांची ती आद्याक्षरं आहेत. क्रॅनफील्ड विद्यापीठात अनेक वर्षं काम केलेले लेन गेलमन हे या प्राइझचे एक मानकरी.

हे म्हणजे ऑस्कर नव्हे. रेड कार्पेट नाही, रडत रडत आईचे आभार नाहीत. पेपरात फोटो येत नाही. पण मला या बक्षिसांबद्दल भयंकर कुतूहल वाटायला लागलं ते एकाच कारणाने. क्रिकेटमध्ये सेंच्युरी दिसते. सेल्समध्ये टार्गेट दिसतं. इथे काम उत्तम झालं, तर दिसायला काहीच उरत नाही. मशीन काल चालू होतं, आजही चालू आहे. मग परीक्षक बघणार काय? डॉक्टरच्या फॉर्ममधला सात नंबरचा रकाना नेमका तोच आहे. 'आपल्या कामामुळे टळलेले नुकसान (आकड्यात)'.

जे घडलंच नाही ते मोजायचं कसं, हा प्रश्न नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात तो ज्या माणसापुढे आला तो इंजिनिअरसुद्धा नव्हता. कॉनराड वॉडिंग्टन हा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ. गर्भाची वाढ कशी होते यावर काम करणारा. युद्धात त्याला रॉयल एअर फोर्सच्या कोस्टल कमांडमध्ये नेलं. अटलांटिकवर जर्मन पाणबुड्या शोधणारी लिबरेटर विमानं तिथे होती, पण त्यातली बरीचशी हवेत असण्याऐवजी हँगरमध्ये असायची. नियम असा, की दर ५० तासांच्या उड्डाणानंतर विमान उघडायचं, तपासायचं, बंद करायचं. सगळं शिस्तीत. तरी बिघाड थांबेनात.

वॉडिंग्टनच्या गटाने साधी गोष्ट केली. तपासणीनंतर किती तासांनी बिघाड होतो, याचा आलेख काढला. अपेक्षा काय? तपासणीनंतर विमान ठणठणीत, मग हळूहळू बिघाड वाढत जाणार. निघालं उलटं! सगळ्यात जास्त बिघाड तपासणी झाल्याझाल्या, आणि मग ते कमी कमी होत जातात. म्हणजे नीट चाललेल्या यंत्रात दर ५० तासांनी हात घालून माणसंच त्याला आजारी पाडत होती. वेळापत्रक बदललं, नको त्या तपासण्या कमी केल्या, आणि विमानांचे उड्डाणाचे तास सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. हे सगळं गुपित होतं, त्याचं पुस्तक यायला १९७३ साल उजाडलं.

मला हा वॉडिंग्टन फार आवडतो. त्याने 'टळलेले बिघाड' मोजले नाहीत, हवेत असलेले तास मोजले. परीक्षकांना दाखवायला असा आकडा हाताशी असणं म्हणजे लॉटरीच.

पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी विमानाच्या सुट्या भागांचा हिशेब मांडला. त्यातल्या फक्त ११ टक्के भागांच्या बिघाडाचा वयाशी स्पष्ट संबंध निघाला. उरलेल्या ८९ टक्क्यांसाठी 'इतके तास झाले, बदला' या नियमाला काही अर्थच नव्हता. ६८ टक्के भाग तर नवे असतानाच जास्त दगा द्यायचे. थोडक्यात, मशीनची जन्मतारीख बघून काही कळत नाही, मशीनकडेच बघावं लागतं. कंडिशन मॉनिटरिंगचा धंदा उभा आहे तो या वाक्यावर.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, विमान कंपनीचे पैसे वाचले, आम्हाला काय त्याचं? तर हे फक्त पैशांचं प्रकरण नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात तेलाचे फलाट आहेत. तिथे कामावर जाणारी-येणारी माणसं हेलिकॉप्टरने प्रवास करतात, आपण लोकलने करतो तसा. ६ नोव्हेंबर १९८६ ला तेलक्षेत्रावरून परतणारं एक चिनूक हेलिकॉप्टर शेटलंडमधल्या सम्बरा विमानतळाजवळ समुद्रात कोसळलं. ४७ पैकी ४५ माणसं गेली. पुढच्या गिअरबॉक्समधलं एक दातेरी चक्र तुटलं होतं. चिनूकला दोन पंखे असतात, त्यांची लय या चक्रांवर राखलेली. चक्र गेलं, लय गेली आणि पंखे एकमेकांवर आदळले. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सची नाडी उडतानाच बघायला हवी, ही चर्चा १९८४ पासून चालू होती. या अपघाताने तिला घाई आली. १९९१ पासून नॉर्थ सीवरच्या हेलिकॉप्टरांत थरथर मोजणारी 'हम्स' ही यंत्रणा बसायला लागली आणि १९९९ मध्ये ब्रिटनने मोठ्या हेलिकॉप्टरांना ती सक्तीची केली. या विषयातल्या संशोधनाला जो मान आणि पैसा मिळाला, त्याचा एक मोठा धागा या समुद्रातून येतो.

हम्सने किती अपघात टाळले? बघा, आला परत सात नंबरचा रकाना.

जे टळले नाहीत ते मात्र मोजता येतात. १ एप्रिल २००९. सुपर प्यूमा जातीचं हेलिकॉप्टर, पुन्हा नॉर्थ सी, १६ माणसं, कुणीच वाचलं नाही. गिअरबॉक्समधलं 'प्लॅनेट गिअर' थकव्याने तडकलं होतं. हम्स बसवलेली होती. आणि डॉक्टरने मला हे सांगितलं तेव्हा माझा चमचा हातातच राहिला. अपघाताच्या आठवडाभर आधी, २५ मार्चला, तेलातले कण पकडणाऱ्या लोहचुंबकावर धातूचा एक कण सापडला होता! म्हणजे मशीनने चिठ्ठी पाठवली होती. हेलिकॉप्टर चालवणारी कंपनी आणि ते बनवणारी कंपनी यांच्यात त्या दिवशी फोन झाले, ईमेल झाले. त्या फोन-ईमेलच्या गोंधळात एकाला काय सांगायचंय आणि दुसऱ्याने काय समजून घेतलं यात फरक पडला. तो कण नेमका कशाचा, हे ओळखलं गेलं नाही. गिअरबॉक्सचा तो भाग उघडून आत बघितलं गेलं नाही. वर आणखी एक दैवदुर्विलास असा, की आतमध्ये लोहचुंबकांचं एक कडं बसवलेलं होतं. पुढे सुटणारे कण शोधक चुंबकापर्यंत पोचण्याची शक्यता त्या कड्याने कमी केली. ब्रिटनच्या अपघात तपास विभागाच्या २०११ च्या अहवालात हे सगळं आहे.

मी रोज किती ईमेलना 'नोटेड' म्हणतो, हे त्या क्षणी मोजायची इच्छा झाली नाही.

म्हणून मग संशोधक पुन्हा कामाला लागले. क्रॅनफील्डमध्ये प्यूमा हेलिकॉप्टरचा मुख्य गिअरबॉक्स घेऊन, आतल्या प्लॅनेट गिअरच्या बेअरिंगमध्ये मुद्दाम दोष पाडून, सेन्सर बाहेर लावण्याऐवजी थेट आत फिरणाऱ्या भागावर लावले आणि दोष ऐकू येतो का ते पाहिलं. बाहेर लावलेल्या सेन्सरला प्लॅनेट गिअरचं म्हणणं धड ऐकूच येत नाही, कारण मध्ये इतर दातेरी चक्रांचा कलकलाट असतो. ओपन ऑफिसमध्ये कोपऱ्यातलं कुणी हळू आवाजात रडत असेल तर आपल्याला येतं का ऐकू? तसंच. आणि एवढं सगळं होऊनही २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत टुरॉय बेटाजवळ त्याच घराण्यातलं हेलिकॉप्टर पडलं. १३ माणसं. पुन्हा प्लॅनेट गिअर. यावेळी तड पृष्ठभागाखालून आत आत गेली होती, कण फारसे सुटलेच नाहीत आणि कुठल्याही यंत्रणेने इशारा दिला नाही.

या विषयात बक्षिसं का द्यावीत, असं मला कुणी विचारलं तर मी ही २००९ ची आणि २०१६ ची तारीख सांगेन. पहिल्यात उत्तर समोर होतं, माणसांना वाचता आलं नाही. दुसऱ्यात मशीनने काही लिहिलंच नाही. दोन्हींवर वेगवेगळं संशोधन लागतं. आणि माझं प्रामाणिक मत सांगू? बक्षीस बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारच्या संशोधनाला मिळतं, म्हणजे नवा सेन्सर, नवं गणित. फोनवर काय बोलायचं आणि मेलमध्ये काय लिहायचं, यावर कोण पदक देणार?

गणितावरून आठवलं. या क्षेत्राची एक मोठी पंचाईत आहे. शोध लावायचा तर आजारी मशीन हवं. पण खऱ्या कारखान्यात मशीन आजारी पडायच्या आतच बेअरिंग बदलतात, किंवा ते इतकं अचानक मोडतं, की सेन्सर लावायलाच कुणी नसतं. मग काय, घरीच मोडायचं! अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने दोन हॉर्सपॉवरची मोटर घेतली, बेअरिंगवर ठिणग्यांनी धातू कोरून बारीक खड्डे पाडले, सगळ्यात लहान ०.००७ इंचाचा, म्हणजे ०.१८ मिलिमीटर, आणि मोटर फिरवून थरथर नोंदवली. ही माहिती सगळ्या जगाला फुकट वापरू दिली. बेअरिंग कुठलं? ६२०५. आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२. कित्येक वॉशिंग मशीनच्या ड्रममागे हेच असतं. शाफ्टच्या एका फेरीत याच्या बाहेरच्या कड्यावरचा खड्डा ३.५८ वेळा 'टक' करतो आणि आतल्या कड्यावरचा ५.४२ वेळा. बेरीज बरोबर ९, कारण गोळ्या नऊ! मला हे कळलं तेव्हा मी आयटीत का पळालो, असं पाच मिनिटं वाटलं.

जगभरच्या पोरांनी याच माहितीवर संगणकाला शिकवून पेपर लिहिले. अचूकता ९९ टक्के, ९९.५ टक्के, १०० टक्के! डॉक्टर यावर नाक मुरडते. एकाच बेअरिंगच्या नोंदीचे तुकडे करायचे, काही तुकडे शिकायला द्यायचे आणि काही परीक्षेला. "पेपर फुटलेल्या परीक्षेत पहिला नंबर," तिचे शब्द. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या स्मिथ आणि रँडल यांनी २०१५ मध्ये या नोंदी एकेक करून जुन्या, खात्रीच्या पद्धतींनी तपासल्या. काही सोप्या निघाल्या, काहींत भलताच गोंगाट होता आणि काहींमधून सांगितलेला दोष निघेचना. हे काम दिसायला रुक्ष. दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यासारखं. पण माझ्या हातात पदक असतं तर मी यालाच दिलं असतं. (रॉबर्ट रँडल हा या विषयातला भीष्माचार्य, त्याला माझ्या पदकाची गरज नाही, ते सोडा.)

आता डॉक्टरच्या फॉर्मकडे.

तिच्या कामाची केस एका साखर कारखान्यातली. गळीत हंगाम ऐन भरात. बॉयलरचा धूर ओढणारा मोठा पंखा असतो, आयडी फॅन म्हणतात. तो थांबला की बॉयलर थांबला, बॉयलर थांबला की वाफ नाही, वाफ नाही की सगळा कारखाना गार. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, तोडलेला ऊस उन्हात वाळतोय, वजन घटतंय, उतारा पडतोय आणि शेतकरी गेटवर. हे सगळं एका बेअरिंगवर.

ही दर आठवड्याला तिथे जाऊन थरथर नोंदवत होती. ती बघते तो एक आकडा असतो, कर्टोसिस. सिग्नलमध्ये अचानक टोकदार उसळ्या किती येतात, याचं माप. निरोगी बेअरिंगचा आवाज म्हणजे पावसाची एकसारखी रिपरिप, आकडा ३ च्या आसपास. खड्डा पडला की त्यातून टकटक सुरू होते आणि आकडा चढतो. १९७८ मध्ये डायर आणि स्ट्युअर्ट यांनी हे दाखवून दिलं. हिच्या पंख्याचा आकडा चढत चढत ७ वर गेला. हिने लेखी कळवलं, बेअरिंग बदला. चीफ इंजिनिअर अनुभवी माणूस, वयाने वडिलांएवढा. म्हणाले, "मॅडम, हंगाम संपू द्या की. आत्ता थांबवलं तर चेअरमन मला थांबवतील."

पुढच्या आठवड्यात आकडा आला साडेतीन!

साहेब खूश. "बघा, बसलं आपोआप जागेवर. ग्रीस मारलं होतं पोरांनी."

आणि ही मात्र घाबरली. कारण या आकड्याची एक वाईट खोड आहे. खड्डा एकच असतो तोवर टकटक वेगळी ऐकू येते. पण कड्यावर सगळीकडे खड्डे पडले की टकटकीचाच पाऊस होतो, एकसारखा. आकडा पुन्हा ३ कडे येतो. म्हणजे बेअरिंग एक तर बरं झालंय किंवा पार संपत आलंय, आणि बेअरिंग कधी बरं होत नसतं. थरथरीची एकूण पातळी मात्र वाढलेली होती. तिने दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवले आणि यावेळी मेल टाकला नाही. फोनही केला नाही. गाडी काढून कारखान्यावर गेली आणि साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या समोरच्या खुर्चीत, दुपारी तीनपासून रात्री आठपर्यंत बसून राहिली. चहा तीनदा आला.

"तू बसून राहिलीस? नुसती?"

"मग काय करणार? 'नोटेड' ऐकून परत येणार?"

रात्री पंखा थांबवला. आठ तास कारखाना बंद. प्लमर ब्लॉक उघडला, बेअरिंग बाहेर काढलं. बाहेरच्या कड्याच्या आतल्या बाजूला जवळजवळ पाव परिघभर पापुद्रे सुटले होते. तिने फोटो काढले, मलाही दाखवले. खरुज झाल्यासारखं दिसत होतं. नवीन बेअरिंग बसलं, पहाटे बॉयलर पेटला.

"मग झालं की!" मी म्हटलं. "सात नंबरमध्ये लिहून टाक, दहा दिवसांचा ब्रेकडाउन टळला, अमुक इतके लाख रुपये."

"कशावरून दहा दिवस?"

"बरं, पाच."

"कशावरून पाच? ते बेअरिंग हातात घेऊन चीफ साहेब काय म्हणाले माहितीय? म्हणाले, 'चाललं असतं की हो अजून महिनाभर.' आणि खरं सांगू, मला सांगता येत नाही की नसतं चाललं. कदाचित दुसऱ्या दिवशी गेलं असतं. कदाचित हंगामभर रडत रडत चाललं असतं. ते बघायला ते बेअरिंग आत ठेवावं लागलं असतं."

मी तिला म्हटलं, सगळे टाकतात तसा एक आकडा टाक ठोकून. आमच्या अप्रेझल फॉर्ममध्ये तर आम्ही 'उत्पादकता ३० टक्क्यांनी वाढवली' असं लिहून मोकळे होतो, कुणाची, कधी, कोण विचारतंय! तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी शेवपुरीचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि गप्प बसलो.

फॉर्म तिच्या फोनवर होता. तिने वाचून दाखवला. सहाव्या रकान्यात पद्धत, आलेख, फोटो, सगळं व्यवस्थित. सातव्या रकान्यात तिने एकच ओळ लिहिली आहे. 'कारखाना ८ तास बंद ठेवावा लागला.' खात्रीने मोजता येण्यासारखं तेवढंच होतं आणि ते नुकसान तिने स्वतः केलेलं.

फॉर्मची शेवटची तारीख या महिनाअखेरची आहे. बिल मी दिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेल्यावर शेजारणीचा मेल शोधून काढला आणि पुन्हा नीट वाचला. त्यात आणखी दोन सर्व्हरची नावं आहेत.